रक्ताचा पैसा आणि माफीचा हक्क

(अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय मी निवडलेला नाही. तो वस्तीतून आला. २०२५ च्या जुलै महिन्यात निमिषा प्रिया या केरळच्या परिचारिकेची बातमी टीव्हीवर रोज चालू होती. येमेनमध्ये एका माणसाच्या खुनाबद्दल तिला देहदंड झाला होता आणि १६ जुलै ही तारीखही ठरली होती. मृताच्या घरच्यांनी पैसे घेऊन माफ केले तर तिचा जीव वाचेल, असे सांगितले जात होते. त्या आठवड्यात घाटकोपरला आमची बैठक होती. विषय होता रेशनकार्डाचा, पण बोलणे या बातमीवरच आले.

एकजण तावातावाने म्हणाली, "म्हणजे पैसे फेकले की सुटका? मग श्रीमंताला खून करायला मोकळीकच की!" तिच्या शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, "आणि आपल्याकडे काय होतं गं? आरोपी वर्षानुवर्षं जामिनावर फिरतो, आणि मेलेल्याच्या घरात चूल पेटत नाही. तिकडे निदान घरच्यांना विचारतात तरी." तिसरी एक तरुण मुलगी बैठकभर गप्प होती. तिचा नवरा आखातात गाडी चालवतो. बैठक संपल्यावर चपला घालताना तिने हळूच विचारले, "ताई, ते पैसे बायकोच्या नावावर येतात का हो?"

या तिघींचे तीन प्रश्न घेऊनच मी तुमच्यासमोर उभी आहे. पैशाने गुन्हा मिटतो का? ज्यांचे माणूस गेले त्यांना न्यायात काही जागा आहे की नाही? आणि पैसा आलाच, तर तो कोणाच्या हातात पडतो? मला वाटते, कोणताही कायदा बाईच्या बाजूचा आहे की नाही हे या तीन प्रश्नांवरून ओळखता येते. मग तो शरियतचा असो, दंडसंहितेचा असो, नाहीतर जातपंचायतीचा असो.

हा कायदा आहे तरी काय

आधी एक गैरसमज दूर करू. भारतात मुसलमानांना वेगळा फौजदारी कायदा नाही. लग्न, तलाक, वारसा अशा दिवाणी बाबींपुरताच त्यांचा वैयक्तिक कायदा लागू आहे. जोगेश्वरीत खून झाला तर आरोपीचा धर्म कोणताही असो, कलम एकच आणि न्यायालयही एकच. हे मुद्दाम सांगते, कारण "त्यांच्यात पैसे देऊन सुटतात" असे मी आपल्याच बैठकांतून ऐकलेले आहे.

इस्लामी फौजदारी कायद्यात खुनाबद्दल दोन शब्द महत्त्वाचे आहेत. किसास म्हणजे जिवाला जीव, जखमेला जखम. दियत म्हणजे रक्ताचा मोबदला. उर्दूत त्याला खूनबहा असेही म्हणतात. जाणूनबुजून खून केला असेल तर मृताचे वारस किसास मागू शकतात, दियत घेऊन माफ करू शकतात, किंवा काहीच न घेता माफ करू शकतात. चुकून किंवा अपघाताने जीव गेला तर किसास नाही, दियत द्यायची. जुन्या ग्रंथांत पूर्ण दियत शंभर उंटांची सांगितली आहे.

हा नियम आला तेव्हा अरबस्तानात टोळ्यांचे राज्य होते. एका माणसामागे टोळीतली दहा माणसे मारायची आणि पिढ्यानपिढ्या वैर चालवायचे, अशी रीत होती. एका जिवाबद्दल एकच जीव, आणि त्याहून चांगली म्हणजे माफी, असे कुराणाने सांगितले तेव्हा ते सूडाला घातलेले कुंपण होते. ही गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी.

एक कथा तर आपल्या कामाची आहे. खलिफा उमर यांचे मत असे होते की दियत ही मारलेल्याच्या रक्ताच्या पुरुष नातेवाइकांची, बायकोचा तिच्यात वाटा नाही. तेव्हा दह्हाक नावाच्या एका सहकाऱ्याने त्यांना सांगितले, की अशयम नावाच्या माणसाच्या विधवेला तिच्या नवऱ्याच्या दियतीतला वाटा द्या, असे प्रेषितांनी मला लेखी कळवले होते. उमर यांनी आपले मत बदलले. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी एका विधवेच्या वाट्याचा प्रश्न असा सुटला. आज दीर किंवा सासरा "बायकांचा यात काय संबंध" म्हणू लागला, तर ही गोष्ट त्याला त्याच्याच मशिदीतल्या मौलानांकडून ऐकवता येते.

पण त्याच ग्रंथांत दुसरी बाजूही आहे. बाईची दियत पुरुषाच्या निम्मी, असे चारही सुन्नी पंथांच्या जुन्या शास्त्रकारांनी ठरवले. कुराणाच्या ज्या आयतीत दियत सांगितली आहे तिथे बाई-पुरुष असा भेद नाही. तो पुढच्या शास्त्रकारांनी काढला. मुसलमानेतरांच्या बाबतीत तर पंथापंथांत मतभेद आहेत. हनफी पंथ मुसलमानेतराची दियत मुसलमानाइतकीच धरतो. शाफई आणि हंबली पंथ ती कमी धरतात. आपल्या मुंबईतले उत्तर भारतीय मुसलमान बहुतेक हनफी आहेत, आणि कोकणी मुसलमान शाफई. म्हणजे एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन कुटुंबांचे ग्रंथ या बाबतीत वेगळे बोलतात. "इस्लाम असे सांगतो" असे एका वाक्यात कोणी सांगू लागले, तर "कोणता पंथ, कोणता काळ, कोणता देश?" असे विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आपल्याकडे तो कसा गेला

हिंदुस्थानात हा कायदा कधी नव्हताच असे नाही. मुघलांच्या काळापासून बंगालमध्ये तो चालू होता, आणि कंपनी सरकारनेही सुरुवातीला तोच चालवला. १७९० मध्ये कॉर्नवॉलिसने वारसांचा माफीचा हक्क काढून घेतला. खून झाला की शिक्षा सरकार ठरवणार, घरच्यांची इच्छा विचारायची नाही. मुंबई इलाख्यात १८२७ मध्ये एल्फिन्स्टनच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला आणि सर्व धर्मांच्या लोकांना एकच फौजदारी कायदा लागू झाला. पुढे १८६० ची दंडसंहिता १८६२ पासून अमलात आली.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही आपली सगळी उपनगरे जुन्या साष्टी बेटावरची. इथे १५३४ पासून पोर्तुगीज, १७३७-३९ च्या मोहिमेनंतर मराठे आणि १७७४ पासून इंग्रज. तेव्हा हा कायदा आपल्या मातीत फार खोल रुजला असे म्हणता येणार नाही. आज तो आपल्या घरात येतो तो इतिहासातून येत नाही, विमानातून येतो.

इंग्रजांनी केलेल्या बदलाकडेही दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. खून हा समाजाविरुद्धचा गुन्हा आहे, तो दोन घरांतला व्यवहार नाही, हे तत्त्व त्यातून आले. बाईच्या दृष्टीने ते मोलाचे आहे, कसे ते पुढे सांगते. पण त्याच वेळी मृताचे घर न्यायालयाच्या बाहेर गेले. आई किंवा बायको उरली ती फक्त साक्षीदार म्हणून. खटला सरकार विरुद्ध आरोपी, आणि ही बाहेरच्या बाकावर. घाटकोपरच्या आजी जे म्हणाल्या त्याचे मूळ इथे आहे.

सहारला उतरणारी पेटी

आता त्या तरुण मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. सत्तरच्या दशकापासून आखातात तेलाचा पैसा आला आणि मुंबई हे तिकडे जाण्याचे मोठे दार झाले. कोकणातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून, आंध्रातून माणसे यायची, उपनगरांत नातेवाइकांकडे राहायची, एजंटांच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायची आणि सहारच्या विमानतळावरून उडायची. त्यात सगळ्या धर्मांचे लोक होते आणि आहेत. त्यातले काही परत येतात ते मालवाहतूक विभागात, पेटीतून.

आमच्या केंद्रावर आलेल्या एका बाईची हकीकत सांगते. नाव-गाव सांगणार नाही. नवरा सौदीत ट्रक चालवायचा. रस्त्यावरच्या अपघातात गेला, चूक समोरच्या गाडीची होती. पदरात दोन मुली. चाळिसाव्याच्या आत दिराने कागद आणले, "तिकडून पैसे आणायचे तर सही लागेल" म्हणाला. कागद इंग्रजीत होते, सोबत अरबी भाषांतर. तिने सही केली. ते मुखत्यारपत्र होते, दिराच्या नावाचे. दीड वर्षाने पैसे आले हे तिला कळले ते जावेच्या नव्या बांगड्यांवरून. विचारले तर उत्तर मिळाले, "तुझ्या मुलींच्या लग्नासाठीच ठेवलेत." ती आमच्याकडे आली तेव्हा भाडे थकले होते.

या बाईवर अन्याय कोणी केला? शरियतने नाही. मुसलमानांच्या वारसा कायद्यात मुले असलेल्या विधवेला आठवा हिस्सा आहे, मुलींचा हिस्सा त्याहून मोठा आहे, मृताच्या आईचा सहावा हिस्सा आहे. ती हिंदू असती तर १९५६ च्या कायद्याप्रमाणे विधवा, मुली आणि सासू यांना सारखे वाटे मिळाले असते. मुसलमानी कायद्यात दिराला काही मिळवायचे तर या बायांचे वाटे आधी द्यावे लागतात, आणि हिंदू कायद्यात त्या असताना दिराला वाटाच नाही. तिला लुटले ते घरातल्या पुरुषाने, आणि त्याला साथ मिळाली ती तिच्या अडाणीपणाची, परक्या भाषेची आणि "घरातल्या गोष्टी बाहेर नेऊ नयेत" या शिकवणुकीची. परक्या देशाचा कायदा आणि आपल्या घरातली रीत एकत्र आली की काय होते, हे या एका घरात दिसले.

कोणाच्या जिवाची किंमत किती

सौदी अरबस्तानात बरीच वर्षे पुरुष मुसलमानाच्या अपघाती मृत्यूची दियत एक लाख रियाल होती. २०११ मध्ये ती अपघातासाठी तीन लाख आणि जाणूनबुजून केलेल्या खुनासाठी चार लाख झाली. बाईसाठी निम्मी. ख्रिस्ती किंवा यहुदी पुरुषासाठी निम्मी. हिंदू, बौद्ध वगैरे लोकांसाठी जुन्या दरात सुमारे पंधरावा-सोळावा हिस्सा, म्हणजे साडेसहा हजार रियालच्या आसपास. आणि तो मृत माणूस हिंदू बाई असेल तर त्याच्याही निम्मे. एकाच ट्रकखाली एकाच चाळीतले चारजण सापडले, तर चार घरांना चार दर.

हे ऐकून तुम्हाला संताप आला, यायलाच हवा. पण तो संताप घेऊन आता आपल्या न्यायालयात चला. मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी आपल्या मोटार वाहन कायद्याला १९९४ मध्ये एक परिशिष्ट जोडले गेले. त्यात कमावत नसलेल्या पत्नीचे उत्पन्न किती धरले जायचे? नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश. पहाटे चारला पाण्याच्या रांगेत उभी राहणारी, डबे करणारी, सासूचे दुखणे काढणारी बाई लोकलच्या वाटेवर बसखाली गेली, तर तेव्हाच्या कायद्याच्या हिशेबात ती एक तृतीयांश माणूस ठरायची! २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विचारावर कडक टीका केली. जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवले गेले होते हेही न्यायालयाने दाखवून दिले. २०२१ मध्ये घरकामाचे मोल धरलेच पाहिजे असे पुन्हा सांगितले. तिकडे निम्मी, इकडे एक तृतीयांश धरली जायची. ग्रंथ वेगळे, पण तराजू एकाच कारखान्यातले.

तिकडच्या बायाही गप्प नाहीत. इराणमध्ये शिरीन एबादींसारख्या वकील बायांनी या निम्म्या दियतीवर वर्षानुवर्षे टीका केली. २०१३ च्या तिथल्या दंडसंहितेत फरकाची रक्कम सरकारी निधीतून भरून देण्याची तरतूद आली. मूळ भेद गेला नाही, पण "धर्माचा कायदा बदलत नसतो" हे म्हणणे खोटे पडले.

माफी मागणारी बाई

दियतीची दुसरी बाजू आपल्या मोलकरणींच्या वाट्याला येते. १९९५ मध्ये फिलिपाइन्सच्या सारा बालाबागान या कोवळ्या वयाच्या घरकामगार मुलीला संयुक्त अरब अमिरातीत देहदंड ठोठावला गेला. आपल्यावर बलात्कार करणाऱ्या मालकाला तिने मारले होते. जगभर ओरड झाली. शेवटी मालकाच्या घरच्यांनी दियत घेतली, शिक्षा एक वर्ष कैद आणि शंभर फटके एवढी झाली, आणि १९९६ मध्ये ती घरी परतली. जीव वाचला. पण हिशेब पाहा. बलात्कार करणाऱ्याच्या घराला पैसे मिळाले, आणि जिच्यावर बलात्कार झाला तिने फटके खाल्ले.

श्रीलंकेच्या रिझाना नफीकला तेही मिळाले नाही. २००५ मध्ये ती सौदीत कामाला गेली तेव्हा सतराच वर्षांची होती. तिच्या ताब्यातले बाळ दगावले. बाळाच्या घरच्यांनी माफी दिली नाही आणि ९ जानेवारी २०१३ रोजी तिचा शिरच्छेद झाला. या उलट केरळात कोळीकोडच्या अब्दुल रहीमसाठी २०२४ मध्ये लोकांनी वर्गणी काढून सुमारे ३४ कोटी रुपये उभे केले. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्यांनी दिले. देहदंड टळला. ही माणुसकीची मोठी गोष्ट आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण ज्याच्यामागे असा समाज उभा राहत नाही, त्याचे काय? निमिषा प्रियाची तारीख पुढे ढकलली गेली, पण मृताच्या भावाने पैसे नकोत, शिक्षाच हवी असे जाहीरपणे सांगितले. तोही एका मेलेल्या माणसाचा भाऊ आहे, त्याचे दुःख खोटे नाही. जीव वाचणे हे एका घराच्या मनावर आणि दुसऱ्या घराच्या ऐपतीवर सोडले, की न्याय हा नशिबाचा भाग होतो.

घरातला खून, घरातली माफी

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. वारसांनी माफ करायचे, हे ऐकायला दयेचे वाटते. पण खून करणारा आणि माफ करणारा एकाच घरातले असतील तर?

पाकिस्तानात १९९० मध्ये अध्यादेश काढून किसास आणि दियतीचा कायदा दंडसंहितेत आणला गेला आणि १९९७ मध्ये तो संसदेने कायम केला. तिथल्या स्त्रीसंघटनांनी मसुदा आला तेव्हापासूनच त्याला विरोध केला होता. त्यात असे होते, की खुन्याचे मूल हेच मृताचे वारस असेल तर किसास लागू नाही. म्हणजे नवऱ्याने बायकोला मारले आणि त्यांना मूल असले, तर किसास गेला. भावाने बहिणीला मारले, तर माफी देणार तिचे आई-बाप, म्हणजे त्याचेही आई-बाप.

६ एप्रिल १९९९ रोजी लाहोरमध्ये सामिया सरवर या तरुणीचा तिच्या वकील हिना जिलानी यांच्या कचेरीत गोळी घालून खून झाला. तिला घटस्फोट हवा होता, आणि माहेरच्यांना त्यात बेअब्रू वाटत होती. मारेकऱ्याला घेऊन तिची आईच आली होती. पुढे घरच्यांनीच घरच्यांना माफ केले. २०१६ मध्ये कंदील बलोचला तिच्या भावाने मारले. त्यानंतर त्याच वर्षी पाकिस्तानने कायदा बदलला, "इज्जतीसाठी" केलेल्या खुनात वारसांनी माफ केले तरी जन्मठेप द्यावी असे ठरले. २०१९ मध्ये भावाला जन्मठेप झाली. पण २०२२ मध्ये वरच्या न्यायालयात तो सुटला, आणि त्यात आई-बापांनी दिलेल्या माफीचा भाग होता.

म्हणून म्हणते, खून हा समाजाविरुद्धचा गुन्हा आहे हे तत्त्व बाईसाठी मोलाचे आहे. बाईला सगळ्यात मोठा धोका असतो तो घरातून. त्याच घराच्या हाती माफीची किल्ली दिली, तर तिच्या बाजूने बोलायला कोणीच उरत नाही.

आणि आपल्या पोलीस ठाण्यात?

इथे कोणी समाधानाने मान डोलावू नये. आपल्या कायद्यात खून तडजोडीने मिटवता येत नाही, हुंडाबळीही नाही. कागदावर हे पक्के आहे. पण चाळीतली सून जळून मेली की तेराव्याच्या आत दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. दागिने परत, लग्नाचा खर्च परत, वर काही रक्कम, आणि नातू सासरी. मग मुलीचा बाप न्यायालयात सांगतो, "स्टोव्ह भडकला असं तीच म्हणाली होती." साक्षीदार फिरला अशी नोंद होते, आरोपी सुटतो. ही दियतच नव्हे का? फरक एवढाच, की त्या कायद्यात ती न्यायाधीशासमोर उघड दिली जाते आणि आपल्याकडे ठाण्यामागच्या चहाच्या टपरीवर.

बलात्काराच्या बाबतीत तेच. जळगाव जिल्ह्यातल्या एका शाळकरी मुलीच्या प्रकरणात मुलगी सज्ञान झाली की लग्न लावू, असा मजकूर स्टॅम्पपेपरवर लिहून तिच्या निरक्षर आईची सही घेतली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आरोपीचा अटकपूर्व जामीन रद्द केला. पण १ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयात आरोपीला "लग्न करणार का?" असा प्रश्न विचारला गेला आणि देशभरच्या स्त्रीसंघटनांनी निषेध केला. आपले म्हणणे चुकीच्या पद्धतीने पोचवले गेले, असा खुलासा न्यायालयाने नंतर केला. खरे तर याच न्यायालयाने २०१३ मध्ये सांगून ठेवले होते, की बलात्कारात तडजोड झाली म्हणून शिक्षा कमी करता येणार नाही.

गरिबाच्या जिवाचे म्हणाल, तर आपल्या शेजारच्या वांद्र्याचे उदाहरण घ्या. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर एक गाडी चढली. सातजण मेले, आठ जखमी झाले. खालच्या न्यायालयाने सहा महिन्यांची कैद आणि पाच लाखांचा दंड दिला. लोक संतापले. उच्च न्यायालयाने शिक्षा तीन वर्षांवर नेली. आरोपीने मृतांच्या घरच्यांना साडेआठ लाख रुपये दिले आहेत, असा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात आला. २०१२ मध्ये न्यायालयाने सांगितले, की तेवढ्यावरून शिक्षा कमी होत नाही. भरपाई ही शिक्षेच्या जागी येऊ शकत नाही, असा याचा अर्थ.

याची दुसरी बाजूही मुंबईनेच पाहिली. १९९२-९३ च्या दंगलीत ९०० माणसे मेली आणि १६८ बेपत्ता झाली. बेपत्ता माणसाच्या बायकोकडे ना प्रेत, ना मृत्यूचा दाखला, म्हणून भरपाईही नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाहिले, तेव्हा १६८ पैकी ६० जणांच्याच घरच्यांना दोन लाख मिळाले होते. बाकी १०८ घरे शोधून व्याजासह पैसे द्या, असा हुकूम झाला. तीस वर्षे! त्या बायांना ना शिक्षा झालेली दिसली, ना भरपाई हातात पडली.

मग आपण मागायचे काय?

माझे म्हणणे एका वाक्यात सांगते. भरपाई हा हक्क आहे, ती माफीची किंमत नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या, तर त्या तिघींच्याही प्रश्नांना उत्तर मिळते. खटला समाजाने चालवावा, तो घरच्यांनी विकू नये, तोडू नये. आणि ज्या घरातले माणूस गेले त्या घराला आरोपी सापडो न सापडो, सुटो न सुटो, भरपाई मिळावी. आपल्या कायद्यात याची सुरुवात झालेली आहे. २००९ मध्ये पीडितांना भरपाई देण्याची योजना फौजदारी प्रक्रियेत आली, नव्या संहितेतही ती आहे. महाराष्ट्रात बलात्कार आणि ॲसिडहल्ल्याच्या पीडितांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. किती वस्त्यांत हे माहीत आहे? आपल्या मंडळांनी ते पोचवायचे आहे.

आखातात माणूस असलेल्या घरांसाठी आणखी काही कामे आहेत. पासपोर्ट, व्हिसा, करारपत्र, विमा यांच्या प्रती बायकोकडे असू द्याव्यात. माणूस गेला तर वारस दाखल्यात बायको, मुली, आई सगळ्यांची नावे आहेत का ते पाहावे. मुखत्यारपत्रावर सही करण्यापूर्वी ते मराठीत, हिंदीत, उर्दूत, जिला जी भाषा कळते तिच्यात वाचून घ्यावे. शक्य असेल तिथे मुखत्यारपत्र नातेवाइकाऐवजी भारतीय वकिलातीच्या नावे द्यावे आणि रक्कम थेट वारसांच्या खात्यात मागावी. यासाठी मंडळातल्या दोघीजणी तिच्यासोबत कचेरीत गेल्या, तरी खूप फरक पडतो.

शेवटची गोष्ट. शहाबानोच्या वेळी, १९८५-८६ मध्ये, मुसलमान बाईचा प्रश्न दोन्हीकडच्या पुरुषांनी आपापल्या झेंड्यासाठी कसा वापरला हे आपल्यापैकी जुन्या कार्यकर्त्यांनी पाहिले आहे. दियतीच्या विषयाचेही तसे होऊ शकते. कोणी हा विषय काढून मुसलमान शेजारणीला हिणवू लागले, तर तिला चहाच्या टपरीवरची आपली तडजोड आठवून द्या. आणि कोणी धर्माचे नाव घेऊन विधवेचा वाटा गिळू लागले, तर त्याला अशयमच्या बायकोची गोष्ट सांगा.

ज्या बाईची मघाशी हकीकत सांगितली, तिने दिराला वकिलामार्फत नोटीस दिली. जमातीच्या बैठकीत ती स्वतः उभी राहून बोलली, आमच्यातल्या दोघी तिच्या मागे बसल्या होत्या. मुलींच्या हिश्श्याची रक्कम बँकेत त्यांच्या नावे ठेवायला दीर तयार झाला. तिचा स्वतःचा आठवा हिस्सा अजून मिळालेला नाही. त्यासाठी ती दर तारखेला जाते. पुढच्या तारखेला तिच्यासोबत कोण जाणार, हे बैठक संपण्यापूर्वी आपण ठरवू या.